चेनला तेल घालताय, पण ते आत जातंय का?

मागच्या अंकात टायरबद्दल लिहिताना जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की आपल्याकडच्या गाड्यांच्या चेनचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे माती, आणि दुसरा शत्रू म्हणजे गरजेपेक्षा जास्त टाइट करणारा हात. त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आले की या वेळी सगळं पान चेनलाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : माझी १२५ सीसीची गाडी आहे. शेतातून आणि साखर कारखान्याच्या रस्त्याने रोज साठ-सत्तर किलोमीटर होतात. दर रविवारी न चुकता जळकं ऑइल चेनवर ओततो, तरी नऊ हजार किलोमीटरमधे चेन-स्पॉकेट गेलं. मेकॅनिक म्हणतो आता माल पहिल्यासारखा येत नाही. खरंय का? (शेतकरी वाचक, वाळवा तालुका)

दादा, दर रविवारी तुम्ही गाडीजवळ बसता तेवढी मेहनत भरपूर झाली, फक्त तेल चुकीचं आहे आणि पडतंय ते चुकीच्या जागी. मालाला दोष द्यायच्या आधी हे बघू.

जुनी चेन अजून घरात पडली असेल तर तिची एक कडी हातात घ्या. मधोमध गरगर फिरतो तो रोलर, रोलरच्या आत नळीसारखं बुश, आणि बुशच्या पोटातून आरपार गेलेली पिन. १८८० साली हान्स रेनॉल्डने मँचेस्टरला अशा चेनचं पेटंट घेतलं तेव्हापासून रचना हीच आहे. रोलर स्पॉकेटच्या, म्हणजे दातेरी चाकाच्या, दात्यावर बसताना दिसतो म्हणून आपण तेल रोलरवर ओततो, पण चेन 'वाढते' असं जे आपण म्हणतो ती वाढ पिन आणि बुश एकमेकांवर घासून होते. लोखंड काही रबरासारखं ताणलं जात नाही, प्रत्येक पिन केसभर झिजते आणि शंभरावर पिनांची केसभर झीज एकत्र झाली की ॲडजस्टर, म्हणजे चाक मागे सरकवून चेन ताणायचा स्क्रू, शेवटच्या खुणेला जाऊन टेकतो.

आता हिशोब बघा. पुढच्या स्पॉकेटला १४ दाते, मागच्याला ४२, आणि साधारण ११० कड्यांची चेन धरू. गाडी ५० च्या स्पीडला असताना अख्खी चेन सेकंदाला जवळजवळ तीन फेऱ्या मारते. एका फेरीत प्रत्येक कडी चार वेळा वाकते-सरळ होते, पुढच्या स्पॉकेटवर चढताना, उतरताना, आणि तसंच मागच्यावर. म्हणजे तासाभरात एकेक पिन चाळीस हजार वेळा बुशमध्ये घासली जाते. तिथं तेल असेल तर ती हजारो किलोमीटर जाते, तिथं उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेली काळी माती असेल तर काय होणार ते सांगायला नको.

जळकं ऑइल म्हणजे इंजिनाने टाकून दिलेलं ऑइल. त्यात इंजिनातली लोखंडाची बारीक पूड असते, काजळी असते, थोडं ॲसिडही तयार झालेलं असतं, आणि ते तुम्ही मातीने भरलेल्या चेनवर ओतता तेव्हा गॅरेजमधे व्हॉल्व्ह घासायला जी ग्राइंडिंग पेस्ट वापरतात तिचाच भाऊ तयार होतो. चेन वरून ओली, काळीभोर दिसते, आपल्याला वाटतं मस्त तेल प्यायली, आणि आत ती पेस्ट पिना खात बसते. ग्रीसचंही तेच, ग्रीस इतकं घट्ट असतं की पिनपर्यंत जातच नाही, वर बसून धूळ गोळा करतं.

तर पुढच्या रविवारपासून असं करा. गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, न्यूट्रल. जुन्या डब्यात थोडं रॉकेल घ्या, रॉकेल आता सहज मिळत नाही हे माहितीये, तुमच्या साध्या चेनला डिझेलही चालतं. नायलॉनचा ब्रश बुडवून चारी बाजूंनी घासायचं, आतली बाजू, बाहेरची बाजू, वर, खाली. मग कोरड्या फडक्याने पुसायचं, फडकं काळं निघायचं थांबेपर्यंत. पंधरा-वीस मिनिटं वाळू द्यायची आणि मगच ९० नंबरचं गिअर ऑइल. अर्धा लिटरची बाटली घेतली तर वर्षभर जाईल.

तेल कुठं घालायचं ते नीट बघा, कारण सगळी गोम इथंच आहे. चेनची खालची बाजू घ्या आणि तिच्या वरच्या अंगाला, म्हणजे स्पॉकेटच्या दात्याकडे जे तोंड असतं त्या अंगाला थेंब सोडायचे, कारण चेन फिरते तेव्हा तेल बाहेर फेकलं जातं, आतून घातलेलं तेल बाहेर जाता जाता सगळ्यातून पार होतं. आणि थेंब रोलरच्या मधोमध नको. प्रत्येक कडीला आतली पट्टी आणि बाहेरची पट्टी यांच्यात एक बारीक फट असते, डावीकडे एक, उजवीकडे एक. त्या फटीवर एक थेंब ठेवा आणि डोळा जवळ नेऊन बघा, थेंब क्षणभर थरथरतो आणि आत ओढला जातो. तो पिनकडे गेला. असे दोन्ही बाजूंचे थेंब एकदा अख्ख्या चेनला फिरवायचे, चाक हाताने पाच-सहा वेळा फिरवायचं, जमलं तर गाडी रात्रभर तशीच ठेवायची आणि सकाळी बाहेरून चेन कोरड्या फडक्याने पुसून टाकायची. बाहेरचं तेल कुणाच्या कामाचं नाही, ते रिमवर आणि टायरवर उडतं, आणि टायरच्या कडेला तेल असताना वळणावर गाडी घालणं म्हणजे जिवाशी खेळ.

ऊसतोडीचा सीझन चालू असेपर्यंत रोज घरी आल्यावर नुसत्या कोरड्या फडक्याने चेन पुसा, दोन मिनिटांचं काम आहे, आणि हे वरचं सगळं आठवड्यातून एकदा. एरवी ५०० किलोमीटरला पुरे.

प्रश्न : माझ्या गाडीला ओ-रिंगवाली चेन आहे. एक जण म्हणतो तिच्या आत ग्रीस भरलेलं असतं त्यामुळे तेल लागतच नाही, दुसरा म्हणतो दर महिन्याला पेट्रोलने धू. कुणाचं ऐकू? (आयटीतला एक वाचक, पिंपरी-चिंचवड)

पहिल्याचं अर्धं बरोबर आहे, दुसऱ्याचं अजिबात ऐकू नका.

दोन पट्ट्यांमधल्या ज्या फटीबद्दल वर लिहिलं तिथंच तुमच्या चेनला काळी रबराची बारीक रिंग दिसेल. कारखान्यात पिन आणि बुशच्या मधे ग्रीस भरून दोन्ही बाजूंनी ही रिंग बसवतात, म्हणजे ग्रीस बाहेर येऊ नये आणि पाणी-माती आत जाऊ नये. एक्स-रिंग म्हटलं तरी तत्त्व तेच, रिंगचा काप फक्त एक्ससारखा, त्यामुळे घर्षण कमी आणि सील जास्त पक्कं. त्यामुळे पिनला तेल पाजायची जबाबदारी तुमच्यावर नाही हे खरं. पण रोलर आणि बुशच्या मधे बाहेरूनच तेल लागतं, पट्ट्या गंजू नयेत म्हणून लागतं, आणि रबर कोरडं पडून तडकू नये म्हणूनही लागतं. साधारण ५०० ते ६०० किलोमीटरला, आणि भिजून आल्यावर प्रत्येक वेळी, इतकं मनात धरून ठेवा.

पेट्रोल रबराला मारतं. रिंग आधी फुगते, मग कडक होते, मग तुटते, आणि एकदा रिंग गेली की त्या पिनचं ग्रीस निघून जातं, ते परत भरायची कुठलीही सोय नाही. तारेच्या ब्रशनेही रिंग फाटते आणि वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून चेनवर मारला तर पाणी रिंगच्या आड घुसतं, तिथल्या पोराला आधीच सांगा की चेनवर मारू नको, त्याला काही वाईट वाटत नाही. धुवायला रॉकेल किंवा ओ-रिंगला चालेल असं डब्यावर लिहिलेला चेन क्लीनर, ब्रश मऊ.

स्प्रेचा चेन ल्यूब वापरत असाल तर गाडी फिरवून आल्यावर, चेन कोमट असताना मारा आणि निदान अर्धा तास तरी गाडी हलवू नका. स्प्रेमधे पातळ करणारं द्रव्य असतं ते उडून गेल्यावर ल्यूब घट्ट बसतो. बरेच लोक सकाळी ऑफिसला निघताना मारतात आणि लगेच निघतात, मग सगळा ल्यूब नंबरप्लेटवर सापडतो.

प्रश्न : डब्ल्यूडी-४० चेनला चालतं का? (कॉलेजचा विद्यार्थी, लातूर)

मळ सोडवायला किंवा पाणी हटवायला चालतं, तेल म्हणून चालत नाही. त्या निळ्या-पिवळ्या डब्यातलं नेहमीचं द्रव्य फार पातळ असतं, थोड्याच प्रवासात चेन कोरडी. ते मारून पुसलंत तर वरून ९० नंबर किंवा चेन ल्यूब लावायलाच पाहिजे.

प्रश्न : माझे बाबा म्हापशात मोटरसायकल पायलट आहेत. दिवसभर पाठीमागे पॅसेंजर. चेन सारखी आवाज करते म्हणून ते दर पंधरा दिवसांनी टाइट करून आणतात, तरी आवाज जात नाही आणि आता कड्यांच्या मधून तांबडी पूड निघते. काय करायचं? (वाचक, म्हापसा)

बाबांना सांगा, चेन आता टाइट करू नका, आधी मोजा. पायलटच्या धंद्यात गाडी एक दिवस बंद राहिली तर त्या दिवसाची कमाई गेली, म्हणून हे उत्तर थोडं सविस्तर देतो.

तांबडी पूड म्हणजे आतली पिन कोरडी पडलीये आणि गंजतीये. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, तिथं चेन रात्रीत गंज धरते. अशा चेनच्या काही कड्या आखडतात. चाक हाताने हळू उलटं, मागच्या दिशेला फिरवा आणि मागच्या स्पॉकेटवरून चेन खाली उतरते त्या जागी नजर ठेवा, चांगली कडी उतरताना लगेच सरळ होते, आखडलेली कडी वाकडीच राहून खाली येते, गुडघा दुखणाऱ्या माणसाने पायरी उतरावी तशी. आवाज तिथून येतोय. दोन-चारच कड्या असतील तर रॉकेलमधे भिजवून, हाताने वाकवून, ९० नंबर पाजून मोकळ्या होतात. खूप असतील तर चेन गेली.

आता टाइट करण्याबद्दल. चेनला खेळ लागतो, तो किती ते गाडीच्या पुस्तकात असतं, बऱ्याच गाड्यांवर चेन कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, स्टिकरही असतो. रोजच्या वापरातल्या बहुतेक गाड्यांना २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास, पण तुमच्या गाडीचा आकडा तोच खरा. दोन स्पॉकेटच्या बरोबर मधे, चेनच्या खालच्या बाजूला पट्टी उभी धरा, बोटाने चेन खाली ओढा, मग वर दाबा, दोन्हीतलं अंतर म्हणजे खेळ. एका जागी मोजून सोडू नका. चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी झिजलेली नसते, आणि सेटिंग करायचं ते जिथं चेन सगळ्यात टाइट लागेल तिथं. ढिल्या जागी धरून टाइट केली की टाइट जागा तारेसारखी ताणली जाते.

आणि बाबांच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पॅसेंजर. मागे माणूस बसला की शॉकॲब्सॉर्बर दबतात, चाक वर येतं, आणि पुढचं स्पॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागच्या चाकाचा दांडा, म्हणजे ॲक्सल, एका रेषेत आले की त्या क्षणी चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. स्टँडवर मोकळ्या गाडीला जेमतेम खेळ ठेवला असेल तर दोन माणसं बसून खड्ड्यातून गेल्यावर खेळ शिल्लकच राहत नाही, सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, तिथल्या बेअरिंगवर आणि ऑइल सीलवर. पुढच्या स्पॉकेटच्या मागून ऑइल गळायला लागलं म्हणून गाडी आणतात, त्यात कित्येकदा मूळ दुखणं हे असतं. म्हणून पुस्तकातल्या आकड्याची जी ढिली बाजू आहे ती धरा, आणि टाइट केल्यावर दोघांना गाडीवर बसवून तिसऱ्याने चेन हलवून बघायची, थोडा तरी खेळ हाताला लागलाच पाहिजे.

ॲक्सलचा नट ढिला केल्याशिवाय ॲडजस्टर फिरवू नका, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा नाहीतर चाक तिरकं बसतं आणि स्पॉकेटचे दाते एका अंगाने खरवडले जातात. चाक मागे गेलं की ड्रम ब्रेकच्या पेडलचा खेळही बदलतो, तो सेट करा, ब्रेकलाइट लागते का बघा, ॲक्सलचा नट पुस्तकात दिलेल्या टॉर्कला, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळा आणि कॉटर पिन असेल तर ती परत घातल्याची खात्री करा. पावसाळ्यात रोज रात्री गाडी लावल्यावर चेन पुसून तेलाचा हात फिरवला तर तांबडी पूड पुन्हा दिसणार नाही.

प्रश्न : व्हिडिओमधे गाडी डबल स्टँडवर घेऊन, पहिल्या गिअरमधे चालू ठेवून चेनला फडकं लावतात, पटकन साफ होते. मीही तसंच करते. भाऊ ओरडतो. (वाचक, नाशिक)

भाऊ बरोबर आहे ताई, आजच्या आज बंद करा.

इंजिन गिअरमधे असताना चेन जिथं स्पॉकेटवर चढते तिथं फडक्याचा एक धागा जरी अडकला तरी फडकं आत जातं, आणि हात फडक्याला धरून असतो, सोडायला वेळच मिळत नाही. माझ्या ओळखीच्या एका गॅरेजमधल्या शिकाऊ पोराचं असंच झालं, उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर गेलं, एकोणीस वर्षांचं पोर. तो तेव्हा फक्त आयडलिंगवर चालवत होता. आजही पाना धरताना ते बोट बाजूला ठेवतो.

किल्ली काढून खिशात ठेवायची, न्यूट्रल करायचं, चाक हाताने फिरवायचं. आणि हातानेसुद्धा एका हाताने फिरव, दुसऱ्याने पूस असं एकाच वेळी नको, आधी फिरवा, थांबवा, मग समोर आलेला वीतभर तुकडा पुसा, मग परत फिरवा. डबल स्टँड नसेल तर साइड स्टँडवर दिसेल तेवढी चेन साफ करा, एका कडीला खडूची खूण करा, गाडी दोन-तीन फूट पुढे ढकला, पुढचा भाग घ्या. खडूची खूण परत समोर आली की झालं. पंधरा मिनिटं लागतात.

प्रश्न : साताऱ्याहून बामणोलीला जाताना चेनचं लॉक उडालं. नवीन टाकलं, पण कुठल्या बाजूने बसवायचं असतं का? (वाचक, सातारा)

असतं, आणि उलटं बसवलं तर पुन्हा उडू शकतं. लॉक म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी कडी, तिच्या क्लिपचं एक तोंड बंद असतं आणि एक उघडं. चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला बंद तोंड. वरच्या बाजूची चेन पुढे, इंजिनाकडे पळते, म्हणजे लॉक वर असताना बंद तोंड इंजिनाकडे. तेच लॉक फिरून खाली आलं की बंद तोंड मागे दिसेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. क्लिप पिनेच्या खाचेत नीट बसून 'टक' असा आवाज यायला हवा, आणि काढलेली जुनी क्लिप परत वापरू नका, तिचा ताण गेलेला असतो. लांब जाताना एक सुटं लॉक, तुमच्या चेनच्या नंबरचंच, टूलकिटमधे ठेवा. ४२८ च्या चेनचा पिच, म्हणजे एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर, १२.७ मिलिमीटर आणि ५२० चा १५.८७५, एकाचं लॉक दुसऱ्याला बसत नाही. मोठ्या गाड्यांना रिव्हेट मारलेली कडी असते, ते काम अवजार असलेल्या माणसाकडूनच करून घ्या, कारण पळत्या गाडीची चेन तुटून स्पॉकेटपाशी गोळा झाली तर इंजिनाचा केस फुटतो किंवा मागचं चाक जाम होतं.

प्रश्न : नुसती चेन बदलली तर चालेल का, की सेटच घ्यावा लागतो? माझी गाडी ॲक्सिलेटर सोडला-धरला की हिसका देते. (शिक्षक, दापोली)

सर, आधी चेन मोजा. ४२८ ची असेल तर चेन ताणून धरून एका पिनेच्या मध्यापासून विसाव्या पिचपर्यंत, म्हणजे एकूण एकवीस पिना मोजून, स्टीलच्या पट्टीने अंतर घ्या. नव्या चेनला ते २५४ मिलिमीटर येतं. साध्या चेनला साधारण दोन टक्के वाढ ही शेवट समजतात, म्हणजे २५९ च्या आसपास आलं की ती काढायची. ओ-रिंगच्या चेनला एक टक्क्यालाच सावध व्हायचं. पट्टी नसेल तर मागच्या स्पॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागे ओढा, दात्याचा निम्म्यापेक्षा जास्त भाग उघडा दिसला तर वेळ आली.

मग दाते बघा. एका बाजूला कललेले, हुकासारखे वाकडे झाले असतील तर नवी चेन त्यावर घालणं म्हणजे पैसे पाण्यात, नवी चेन दात्यांच्या जुन्या झिजेवर बसून काही हजार किलोमीटरमधे स्वतःही झिजते. बहुतेक वेळा पुढचं, मागचं आणि चेन असा सेटच घ्यावा.

पण तुमचा हिसका चेनचाच असेल असं मी धरणार नाही. मागच्या हबमधे, स्पॉकेट आणि चाकाच्या मधे, रबराचे तुकडे असतात, इंजिनाचा धक्का झेलायला. ते झिजून चपटे झाले की नव्या सेटवरही गाडी तसाच हिसका देते. गाडी डबल स्टँडवर घेऊन चाक घट्ट धरा आणि मागचं स्पॉकेट हाताने पुढे-मागे हलवून बघा, ते खुळखुळ हललं तर आधी ती रबरं बदला, सेटच्या मानाने ती फारच स्वस्त असतात, आणि मग मोजलेल्या चेनचा आकडा बघून सेटचं ठरवा.